क्लॅरिनेटचा खालचा अर्धा

मंगळवारी दुपारी पार्सल आलं तेव्हा मी भांडी घासत होते. ओल्या हातानेच सही केली. पत्ता वहिनीच्या अक्षरात होता, म्हणून तिथल्या तिथे परत पाठवावं असं मनात आलं. पण आणणारा माणूस तोवर जिना उतरून गेला होता. माझ्या दारात कुणी फार वेळ थांबत नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी तोंडाची फटकळ आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

खोक्यात एक जुना टॉवेल होता आणि टॉवेलात क्लॅरिनेटचा वरचा अर्धा. वरचा अर्धा म्हणजे तोंडात धरायचा माउथपीस, त्याखालचा बसका बॅरल आणि त्याखालची काळ्या लाकडाची नळी, चाव्या-कड्यांसकट. सोबत नळीच्या टोकाच्या बुचाला लावायच्या ग्रीसची छोटी गोल डबी. मी टॉवेल झटकला, खोका उलटा केला, कागदाच्या घड्या उलगडून पाहिल्या. चिठ्ठी नव्हती. एक ओळसुद्धा नाही.

खालचा अर्धा माझ्याकडे होता. अकरा वर्षं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं मी वाट बघत होते की दादा आधी बोलेल. 'चुकलो' नको, नुसतं 'कशी आहेस' म्हणाला असता तरी चाललं असतं. आणि त्याने पाठवलं काय, तर हे. म्हणजे घे बाई तुझं, आता आपला काही संबंध नाही. "वा रे शहाण्या," मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले. मला एकटीने मोठ्याने बोलायची सवय आहे. घरात दुसरं कुणी नसलं की माणूस दोन्ही बाजूंनी बोलायला लागतो. दादाच्या बाजूने काय बोलावं ते मात्र त्या दिवशी सुचलं नाही.

हे अर्ध्या-अर्ध्याचं प्रकरण आमच्या बाबांनी सुरू केलं. बाबा संध्याकाळी घरी नवशिक्यांना क्लॅरिनेट शिकवायचे. शिकवणीच्या आधी वाद्य पेटीतून काढून जोडून ठेवायचं काम आम्हा भावंडांचं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. 'मी जोडणार', 'नाही, मी', यावरून रोज मारामारी व्हायची. शेवटी बाबांनी निकाल लावला. याने वरचा भाग धरायचा, हिने खालचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. याने कड्या दाबायच्या, हिने फिरवायचं.

कड्या दाबाव्या लागतात, कारण वरच्या नळीच्या खालच्या टोकाशी एक चिमुकली दांडी असते आणि खालच्या नळीवर तिची जोडीदार. दोघींचा मिळून पूल होतो. वरच्या कड्या दाबून धरल्या की वरची दांडी उचलते आणि खालची तिच्या पोटाखालून बिनबोभाट सरकते. न दाबता फिरवलं तर दोघी एकमेकींवर घासतात, वाकतात, आणि मग वाद्य धड बोलत नाही. बाबांचा त्या पुलावर फार जीव. "पूल मोडलात तर दोघंही पाण्यात," म्हणायचे.

तर रोज संध्याकाळी दादा कड्या दाबून सांगायचा, "दाबलंय, फिरव." की मी फिरवायची. बाबा आम्हाला हाकासुद्धा तशाच मारायला लागले, वरचा आणि खालची. 'वरचा कुठे उंडारतोय? खालची जेवली का?' येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं आम्ही दोन मजल्यांवर राहतो. घर एकमजली होतं.

यातून एक गोष्ट झाली आणि ती आमच्या कधी ध्यानातच आली नाही. मला वरचा भाग धरता येत नव्हता आणि त्याला खालचा. दोघांनाही विद्या अर्धीच आली. वाजवण्याच्या बाबतीत तर दोघंही दिव्यच, ते सोडूनच द्या. पुढे नोकऱ्या लागल्या, त्याचं लग्न झालं, मी केलं नाही. तरी बाबांकडे जमलो की जोडणी दोघांनीच करायची. बाबांची बोटं तोवर आखडली होती, ते खुर्चीतून बघायचे. पन्नाशीची दोन घोडी समोरासमोर उभी राहून 'दाबलंय, फिरव' करायची, आणि बाबा खूश.

बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते. मी दुसऱ्या गावी रुग्णालयात नोकरीला होते, शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, वाफवून, ट्रे लावून द्यायच्या खात्याची प्रमुख. बाबांचं जास्त झालंय हे दादाने मला चार दिवस कळवलंच नाही. "वाटलं, उठून बसतील. तुला उगाच घोर कशाला," असं नंतर म्हणाला. मी पोचले तेव्हा खाट रिकामी होती आणि गादी उन्हात टाकलेली होती. मला त्यांचा हातसुद्धा धरायला मिळाला नाही.

आठवडाभर मी गप्प होते. मग ज्या दिवशी बाबांच्या वस्तू वाटून घ्यायला बसलो त्या दिवशी माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं मला आठवतं आणि त्यातलं एकही वाक्य लिहिण्यासारखं नाही. शेवटी टेबलावर क्लॅरिनेटची पेटी राहिली. मी म्हणाले, हे मी नेणार. दादाने पेटी उघडली, वरच्या भागाचे तिन्ही तुकडे उचलले, छातीशी धरले आणि म्हणाला, "वरचा माझा. खालचा तू ने."

मला वाटलं, काय दुष्टपणा आहे बघा. स्वतःला वाजवता येत नाही, पण मला पुरतं मिळू द्यायचं नाही. मी पेटी धाडकन मिटली आणि दारातून ओरडले, "मला फोन करू नका. कुणीच. मेलात तरी कळवू नका, नाहीतरी तुम्हाला कळवायची सवय नाहीच." बघा, लिहिणार नाही म्हटलं होतं आणि लिहिलंच.

त्यांनी माझं ऐकलं. अकरा वर्षं एकदाही फोन वाजला नाही. लोकांनी माझं इतकं ऐकायला नको होतं.

तर पार्सल आलं त्या संध्याकाळी मी कपाटावरची पेटी खाली काढली. आतल्या मखमलीत पाच खळगे आहेत. दोन भरलेले होते, खालची नळी आणि तिच्या टोकाची फुललेली बेल. तीन इतकी वर्षं रिकामे. आता माझ्याकडे पाचही तुकडे होते, म्हटलं जोडून तर बघू.

हत्यारं हाताळण्यात माझी हयात गेली आहे. बिजागरीच्या कात्र्या, चिमटे, सांडश्या सुट्या करायच्या, पुसायच्या, परत जोडायच्या. माझ्या हाताखालच्या मुली मला घाबरायच्या, कारण उलटा लावलेला एक स्क्रूही मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. आणि त्या मला ही दोन नळकांडी जोडता येईनात. डाव्या हातात वरची नळी धरली तर बोटं कड्यांवर पोचेनात. पोचली तर उजव्या हाताचं काय करावं ते कळेना. शेवटी मी सवयीने खालचा भाग दोन्ही हातांत पुढे धरला आणि टेबलाशी तशीच उभी राहिले. दाबायला समोर कुणी नव्हतं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला तेव्हा भानावर आले. आणि तिथेच ठरवलं, शिकायचं. एकटीने जोडायचं आणि मग दादाला फोन करून सांगायचं, बघ, जोडलं मी, तुझ्यावाचून. खरं सांगायचं तर मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि भांडणाशिवाय दुसरं निमित्त मला येत नव्हतं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, वाद्यं दुरुस्त करणारा एक जण बसतो. चाळिशीचा असेल. चष्मा कायम कपाळावर, डोळ्यांवर कधी नाही. मी पेटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मला हे जोडायला शिकवा. वाजवायचं नाही, नुसतं जोडायचं."

"बसा मावशी."

"मी तुमची मावशी नाही."

"बसा बाई," तो शांतपणे म्हणाला आणि पेटी उघडली. दोन्ही नळ्या त्याने खिडकीच्या उजेडात धरल्या. मग चष्मा खाली ओढला, हे विशेषच. "हे एकाच घरातलं नाही ना?"

"एकाच घरातलं आहे. दोन्हींवर नंबर बघा, एकच आहे."

"नंबर एक आहे हो. पण हे बघा." त्याने माझा खालचा भाग पुढे केला. "याच्या टोकाचं बूच भुगा झालंय, म्हणून बेल निसटून पडते. चाव्यांखालच्या गाद्या कसरीने खाल्ल्यात. स्प्रिंगांना गंज. दहा-बारा वर्षांत याला कुणी हात लावलेला नाही." मग दादाचा भाग उचलला. "आणि हा सांभाळलाय. गाद्या एकदा बदलल्यात. चाव्यांच्या सांध्यांना तेल आहे. आणि बूच बघा, लोण्यासारखं मऊ. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ग्रीस लावत आलंय."

मी बघितलं. वरच्या नळीच्या खालच्या टोकाचं ते बूच माझ्या भागाच्या तोंडात बसायचं असतं. माझा भाग माझ्या कपाटावर होता. म्हणजे अकरा वर्षं ज्याला बसायला जागाच नव्हती, त्या बुचाला दादा ग्रीस लावत होता.

पण तोंड कुठलं गप्प बसायला. "त्याला दुसरा उद्योग नसेल," मी म्हणाले.

"असेल," दुरुस्तीवाला म्हणाला. "आठ दिवसांनी या."

त्या आठ दिवसांत मी ती डबी रोज उघडून बघत होते. अर्धी संपली होती. कडेला त्याच्या बोटाचा खळगा पडला होता.

दुसऱ्या खेपेला त्याने पाचही तुकडे फडक्यावर ओळीने मांडले. मला बरं वाटलं, ट्रे असाच लावतात. "आधी बुचांना ग्रीस," तो म्हणाला. "नखाएवढं. जास्त लावलंत तर लाकडात मळ धरेल. आता खालची नळी आणि बेल. दाबून घुसवायचं नाही, मागेपुढे हलवायचं नाही, फिरवत फिरवत बसवायचं. चाव्यांना मुठीत आवळू नका, त्या कागदासारख्या वाकतात."

"मला हत्यारं धरायला शिकवू नका."

"बरं. मग वरची नळी धरा."

मी धरली आणि दुसऱ्या हाताने खालचा भाग सवयीने पुढे केला. तो बघत राहिला. "बाई, तुम्ही खालचा भाग इतका पुढे का धरताय? समोरून कुणी येणार असल्यासारखा?"

मी खालचा भाग जरा मागे घेतला. एरवी मी उत्तर द्यायची संधी सोडत नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

"दोन्ही हात स्वतःकडे घ्या," तो म्हणाला. "पोटाशी. डाव्या हाताची बोटं कड्यांवर, दाबा. दांडी उचलली? आता उजव्या हाताने खालचा भाग वर आणा. फिरवा. तुमचं तुम्हालाच दाबायचंय आणि तुमचं तुम्हालाच फिरवायचंय."

नाही जमलं. त्या दिवशी नाही आणि तिसऱ्या खेपेलाही नाही. दाबलं की फिरवायचं राहायचं, फिरवलं की बोटं सुटायची. एकदा तर दांड्या एकमेकींना लागल्या आणि करकर आवाज आला, तसा मी हात झटकन मागे घेतला. बाबा खुर्चीतून बघताहेत असं वाटलं. चौसष्टाव्या वर्षी माझे डोळे भरून आले आणि तेही कुलूपवाल्याच्या शेजारी.

चौथ्या खेपेला जमलं. डावा दाबतोय, उजवा फिरवतोय, आणि पूल बरोबर पुलावर. मग बॅरल, मग माउथपीस. वेताची पातळ रीड त्याने मला जिभेवर भिजवायला लावली. "कोरडी वाजत नाही. आता माउथपीसवर ठेवा, तिच्या वरून माउथपीसचं केसभर काळं टोक दिसलं पाहिजे. हं. आता रीडवरची धातूची पट्टी कसा, पण गळा दाबल्यासारखी नको. फुंका."

मी फुंकलं. पायाखाली बदक सापडावं तसा आवाज निघाला. शेजारचा कुलूपवाला डोकावून गेला.

"झालं," दुरुस्तीवाला म्हणाला. "शिकलात. आता काढा. काढतानाही कड्या दाबायच्या, हे लोक विसरतात. आतून फडकं ओढून घ्या, ओल राहू देऊ नका. जोडलेलं तसंच ठेवून कधी झोपू नका, बुचं चेपतात."

मी घरी आले, टेबलापाशी उभी राहून पुन्हा एकदा जोडलं. पहिल्या फटक्यात जमलं. आणि मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. बाबा गेले तेव्हा वाटलं नव्हतं इतकं. आता समोर कुणी असण्याची गरजच राहिली नव्हती.

तरी ठरल्याप्रमाणे फोन केला. नंबर पाठ होता. वहिनीने उचलला.

"दादाला दे," मी म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मग वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हाला मिळालं का ते? मी चिठ्ठी लिहायला बसले होते. चार वेळा बसले. काय लिहावं कळेना, मग तसंच पाठवलं."

"तू पाठवलंस? त्याने नाही?"

"ह्यांनीच सांगितलं. पण दोन वर्षं झाली, हे विसरतात. आधी किल्ल्या, मग रस्ते. आता माणसंही. मला ओळखतात कधीकधी. मागच्या महिन्यात कपाटातून ते टॉवेलात गुंडाळलेलं काढलं आणि मला विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, तुमचंच आहे. तर म्हणाले, हे अर्धंच आहे. उरलेलं ज्याच्याकडे असेल त्याला पाठवून द्या, बिचारा शोधत असेल."

बिचारा शोधत असेल.

"मला कळवलं का नाहीस?" मी विचारलं, आणि शब्द तोंडातून निघता निघताच मला तिचं उत्तर ठाऊक होतं.

"तुम्हीच म्हणाला होतात, ताई," वहिनी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने निघाले. चार तास पेटी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, यात काय आहे. मी म्हणाले, क्लॅरिनेट. ती म्हणाली, तुम्ही वाजवता का. मी म्हणाले, नाही, जोडते. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

दादा नोकरीत नकाशे काढायचा. त्याचं अक्षर छापल्यासारखं. घरात पाऊल टाकलं तर जिकडेतिकडे ते अक्षर. कपाटावर चिठ्ठी, 'कपबशा'. बटणावर चिठ्ठी, 'पंखा'. आतल्या दारावर, 'इथे झोपायचं'. भिंतीवर आमचा जुना फोटो होता, बाबा मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. बाबांखाली चिठ्ठी होती, 'बाबा'. मुलाखाली, 'मी'. मुलीखाली काही नव्हतं.

तो खिडकीशी बसला होता. केस नीट विंचरलेले, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मला बघून उठून उभा राहिला, पाहुण्यासाठी उठावं तसा. "या, बसा," म्हणाला. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

माझा भाऊ मला अहोजाहो करत होता. लहानपणी माझ्या वेण्या खुर्चीला बांधणारा माझा भाऊ. मी बसले.

"हे घेऊन आलेय," मी म्हणाले आणि पेटी उघडली.

"अरे वा. पुरं आहे की. तुम्हाला मिळालं तर उरलेलं." त्याला मनापासून आनंद झाला होता. "जोडा ना. बघू तरी."

मी खालची नळी घेतली, बेल बसवली. मग वरची हातात घेतली. डावा हात आपोआप पोटाशी आला, बोटं कड्यांवर गेली, चार खेपा घालून शिकलेली. आणि मी थांबले.

"मला एकटीला नाही जमत," मी म्हणाले.

हे धडधडीत खोटं मी अगदी सरळ तोंडाने बोलले. वरची नळी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली, जरा उलटसुलट करून पाहिली. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मी उठले, त्याच्यासमोर गेले आणि खालचा भाग दोन्ही हातांत पुढे धरला.

त्याच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. पण डावा हात सरकला, बोटं एकेक करून कड्यांवर बसली, आणि दांडी उचलली. त्याने नळी माझ्या नळीवर आणली.

"दाबलंय," तो म्हणाला. "फिरव."

मी फिरवलं. बूच इतकं मऊ होतं की आवाजसुद्धा झाला नाही. पूल पुलावर बसला. त्याने वाकून तपासलं, बाबा तपासायचे तसं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता. आता म्हणेल काहीतरी.

"छान जमलं की तुम्हाला," तो म्हणाला. "कुठे शिकलात?"

"घरी. माझ्या दादाबरोबर."

"त्याने अर्धंच शिकवलं म्हणायचं," तो हसला. "पुढच्या वेळी त्यालाही आणा."

मी हो म्हणाले. वहिनी आत निघून गेली आणि आतून नळ चालू केल्याचा आवाज आला.

आम्ही तासभर बसलो. त्याने मला तीनदा विचारलं, प्रवासात त्रास नाही ना झाला, आणि मी तीनदा नाही म्हणाले. मला बाबांच्या त्या चार दिवसांबद्दल त्याला विचारायचं होतं. बाबांनी माझं नाव काढलं का, पाणी कुणी पाजलं, हात कुणी धरला होता. हे सगळं आता फक्त त्याच्याजवळ होतं, आणि त्याच्याजवळही नव्हतं. माझं हे दुःख मी कुणावर ओतू? ओतायला अकरा वर्षं होती, ती मी रागाला दिली.

बसची वेळ झाली तशी मी म्हणाले, "आता काढायला हवं. जोडलेलं ठेवू नये."

"बरोबर. काढतानाही दाबावं लागतं," तो म्हणाला. त्याने दाबलं, मी फिरवलं. मी आपला भाग पुसून पेटीत ठेवला आणि त्याच्या भागासाठी हात पुढे केला. त्याने तो दिला नाही. छातीशी धरला.

"हा इथे राहू द्या," तो म्हणाला. "दोन्ही नेलंत तर परत कशाला याल?"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली होती. तिने ते ऐकलं. "त्या दिवशीही हेच म्हणाले होते, ताई," ती हळूच म्हणाली. "तुम्ही ओरडून गेलात ना, त्यानंतर. मी म्हटलं, अहो, वाद्य तोडून काय उपयोग. तर म्हणाले, वरचा मुद्दाम ठेवलाय, ती येईल मागायला. आली की बोलेन तिच्याशी. पहिली काही वर्षं तर बाहेरगावी जायलाही तयार नव्हते, ती आली आणि दाराला कुलूप असलं तर, म्हणून."

मी अकरा वर्षं तो बोलेल म्हणून थांबले होते. त्याने तेव्हाच बोलून ठेवलं होतं, मलाच ते ऐकू आलं नाही.

दादा टेबलाशी गेला होता. त्याने कागदाची एक चिठ्ठी कापली, पेन काढलं, आणि वळणदार अक्षरात लिहायला लागला. लिहिता लिहिता थांबला.

"याचा उरलेला भाग तुमच्याकडे आहे, हे लिहून ठेवतो. मी विसरतो हल्ली," तो जरा ओशाळून म्हणाला. "तुमचं नाव काय लिहू?"

"खालची," मी म्हणाले. "खालची असं लिही."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. काही आठवलंही नाही. त्याने एकेक अक्षर सावकाश काढलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि चिठ्ठी दोऱ्याने त्या नळीला बांधली. मग मला विचारलं, "पुन्हा कधी याल?"

"गुरुवारी," मी म्हणाले, आणि तेही त्याने चिठ्ठीवर लिहून घेतलं.